पुन्हा पुन्हा दार ठोठावणारं टपाल

चि. भाचीबाईस,

तुझ्या मामाचे, आणि त्याच्याआधी मामीचे, आशीर्वाद (क्रम तिनेच सांगितला). तुझी सर्दी गेली असेल असं धरून चालतो. आम्ही ठणठणीत. बिघडली होती ती तुझ्या सर्व्हरची तब्येत, आणि तीही सुधारली. पण मी अजून त्या धक्क्यातून सावरलेलो नाही.

ते बुटकं यंत्र माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या कपाटात ठेवून तू नोकरीवर गेलीस, तेव्हा म्हणालीस, "मामा, गल्लीतल्या चार जणांच्या वेबसाइट आणि ईमेल याच्यावर आहेत, अधूनमधून बघत जा." मी बघत होतो. (म्हणजे कपाट उघडायचं, हिरवा दिवा दिसला की बंद करायचं.) परवा दुपारी दिवा हिरवाच होता, तरी गाण्याच्या बाई येऊन स्टुलावर बसल्या. त्यांचा मुलगा जहाजावर असतो आणि बंदराला लागला की ईमेल करतो, हे तुला ठाऊकच आहे. जहाज कधीच लागलं होतं, वाटेत वादळ झाल्याचंही कळलं होतं, आणि मेल नाही. बाई नुसत्या भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत राहिल्या, आणि ती मेली प्रत्येक वेगळी वेळ दाखवणारी.

तू शिकवलेल्या आज्ञा चालवल्या, तर डिस्क काठोकाठ भरलेली! वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांचे फोटो रोज स्वतःलाच मेल करतात, जपून राहावेत म्हणून. (मामी म्हणाली, एवढे दात, पण एकही हसरा नाही.) डॉक्टरांना खाली बोलावून म्हटलं, हे तुमच्याकडे उतरवून घ्या आणि इथले काढा. "अहो, पण हे दुर्मिळ जबडे आहेत!" बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. जबडे गेले.

आता बाईंना काय सांगायचं? मुलाचं पत्र आलं होतं, पण जागा नव्हती म्हणून हाकलून दिलं? आणि पडद्यावरच्या नोंदी चाळताना मला ते दिसलं. कुठलंसं दूरदेशीचं यंत्र पत्र घेऊन आलं होतं. आपल्या सर्व्हरने सांगितलं, जागा नाही, मग या. ते गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. न रागावता, न कंटाळता, एका घड्याळजीच्या कपाटाशी! अगं, मी सख्ख्या भावाच्या दारावर दोनदा बेल वाजवून परत फिरतो.

आम्ही सगळे श्वास रोखून पडद्यासमोर उभे. बऱ्याच वेळाने एक ओळ सरकली आणि बाईंच्या फोनने टिंग केलं. पत्र अख्खं होतं: "आई, सुखरूप आहे. भूक फार लागते. तू गातेस ना?" बाईंनी ते मोठ्यांदा वाचलं, डोळे पुसले आणि डॉक्टरांची माफी मागितली. कशाबद्दल, ते मला कळलं नाही, डॉक्टरांनाही. तेव्हापासून ते कपाट उघडताना मी चपला काढतो.

तुझा, अजून थक्क असलेला,
मामा

ता. क. हे सगळं एखाद्या मोठ्या कंपनीकडे सोपवू म्हणाली होतीस. एवढ्यात नको गं. मामीचाही त्या यंत्रावर जीव जडलाय. धूळ बसू नये म्हणून तिने त्याला मापाचा, जाड अस्तराचा अभ्रा शिवून घातलाय.

आणखी एक ता. क. अभ्र्यात ते तापून बंद पडलंय, म्हणून ईमेलचं हे पत्र कागदावर उतरवून तिकडे येणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या हाती धाडतोय. अभ्रा काढायची माझी छाती नाही. तू मामीला फोन कर आणि सहज बोलल्यासारखं सांग, की यंत्रांनाही उकडतं.