टेंडरच्या मागच्या चाकांचा आवाज

माझ्या कानाचं नाव तुम्ही कधी कुणापुढे घेतलं नाहीत, बाबा, हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं. ठाण्याला आपल्या मागच्या अंगणात शेठ लोकांच्या मोटारी यायच्या आणि तुम्ही त्यांना ऐटीत सांगायचात की तुमच्या हातांशी गिअर बोलतात. हातांशी काय बोलणार, कपाळ. वर्कशॉपातल्या घणांनी तुमचे कान केव्हाच खाल्ले होते. आई हाक मारायची तर तुम्ही तिसरीकडेच बघायचात. मागची चाकं ओंडक्यांवर उचलायची, गाडी गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक थोडा ओढायचा म्हणजे चाकांना ओझं वाटतं, आणि काठीचं एक टोक मागच्या चाकांमधल्या त्या दातेरी चक्रांच्या गोळ्यावर, दुसरं माझ्या कानाशी. मी सांगायची, पेट्रोलचा पाय दाबल्यावर रडतोय, नाहीतर सोडल्यावर रडतोय. मग तुम्ही गोळा उघडायचात. भावाच्या हातात पाना, माझ्या हातात काठी आणि घासलेटची बादली. शाळेतून काढलंत ते ह्यासाठीच, नाव मात्र आईच्या मदतीचं.

एकदा एक शेठ समोर उभा असताना मी न विचारता बोलले की अजून सोडल्यावर रडतोय. शेठ हसला. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "घरात जा. चुलीवर भात करपतोय." चुलीवर भात नव्हताच. शेठ गेल्यावर तुम्ही गोळा पुन्हा उघडलात, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून मला एकटीला खारी बिस्किटं आणलीत. ते बक्षीस होतं की तोंड बंद करण्याची किंमत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बिस्किटं मात्र खाल्ली.

तर आता मी डिमोनात आहे, आपल्या यहुदी लोकांच्या नव्या देशात. तुम्हाला हे गाव ठाऊक असायचं कारण नाही, तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा ते नव्हतंच. माळावर एकसारखी घरं, मध्ये वाळू, आणि वारा असा की भाकरीतही कचकचतो. आपली माणसं पुष्कळ आहेत, मराठीत भांडायला कमी पडत नाही. मुलाबरोबर आले. तो तुम्ही पाहिला नाहीत. मुंबईला मॅट्रिक होऊन टेबलाशी बसायचा, इथे उतरल्यावर पहिल्यांदा हातात फावडं दिलं. मग कसाबसा एक जुना टेंडर मिळवला, इथे पिकअप गाडीला टेंडर म्हणतात, आणि खारट समुद्राकाठच्या कारखान्यात कामगार पोचवायला लागला. सून पुण्याची, शिकलेली, हिब्रू फाडफाड बोलते. चांगली मुलगी आहे. फक्त मला आवडत नाही. नात आहे छोटी, ती मला सावता म्हणते, म्हणजे आजी. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत सांगते, आणि दोघींना वाटतं की समजलं.

पार दक्षिणेच्या टोकाला, एलातच्या बंदरात मुलाला कायमची नोकरी लागली, राहायला खोलीसकट. सणाच्या आत हजर व्हायचं, नाहीतर खोली दुसऱ्याला. खोली एकच. मुलाने मला एकदा विचारलं, आई, येतेस ना. मी म्हटलं, बोटीतून उतरले तेव्हाच ठरवलं की आता ट्रंकेसारखी इथून तिथे हलणार नाही. तो दुसऱ्यांदा विचारील असं वाटलं होतं. सुनेने पहिल्यांदाही विचारलं नाही. आणि नेमका तेव्हाच टेंडर मागून ओरडायला लागला, मग एक दिवस कडाडून थांबला. बीरशेबाचा गॅरेजवाला म्हणाला ठेवून जा, सणानंतर बघू. मुलाने मोडीतून तसल्याच गाडीचे क्राउन आणि पिनियन, म्हणजे गोळ्यातली दातेरी चक्रांची जोडी, आणली, घरामागे दगडांवर टेंडर चढवला आणि स्वतःच उघडायला बसला. म्हणजे गोष्ट अगदी साधी झाली. टेंडर बरा झाला की ते तिघं जाणार आणि मी राहणार.

त्याला काही येत नव्हतं, बाबा. पुस्तक वाचावं तसा तो त्या गोळ्याकडे बघत बसायचा. मी पहिल्यांदा नुसती दारातून बघत होते. पण त्याने पिनियन वाळूत ठेवलं तेव्हा राहवलं नाही. माझी जुनी नऊवारी फाडून टेंडरला चारी बाजूंनी पडदा केला, वारा अडवायला, आणि घासलेटच्या बादलीशी जाऊन बसले. हात विसरलेले नाहीत. दातादातातून बोट फिरवत होते तर मुलगा म्हणतो, तू हे कुठे शिकलीस. मी म्हटलं, भांडी घासते तशीच ही. तुमचं नाव नाही घेतलं. फिटंफाट.

क्राउन आणि पिनियन नीट जुळायला मध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या लागतात, तुम्ही पितळेच्या कापायचात. इथे सार्डिन माशांच्या डब्याचा पत्रा कापला. सगळं बांधून, नवं ऑइल भरून, त्याने चाकं हवेत फिरवली. मी घरातून लाटणं आणलं, एक टोक गोळ्यावर, एक कानाशी. सून दारात उभी होती, तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. दाबल्यावर रडत होता, तिलाही दारातून ऐकू आलं. पुन्हा उघडा, एक चकती कमी करा, पुन्हा बांधा. पुन्हा लाटणं. ह्या वेळी दाबल्यावर गप्प. मुलाने पाय काढला, आणि मला ऐकू आलं, अगदी बारीक, लांब कुणीतरी दळत बसल्यासारखं. मी म्हटलं, सोडल्यावर रडतोय.

मुलाने कान लावला. त्याला काही ऐकू येईना. सुनेने लावला, तिलाही नाही. ती लाटणं माझ्या हातात देऊन शांतपणे म्हणाली, "सासूबाई, आम्ही गेलो तर बरं वाटणार नाही, एवढं सरळ म्हणा. त्यासाठी गाडीला रडवू नका." मुलगा नुसता हात पुसत राहिला, पुसून झाले तरी. तेच जास्त लागलं.

मी तिला चांगलं सुनवायला हवं होतं, आणि जीभ मला कुणाकडून उसनी मागायची वेळ येत नाही. पण शुक्रवारची संध्याकाळ, शब्बाथ तोंडावर आला होता, मग कामाला हात लावायचा नाही, म्हणून हत्यारं गोळा करायची होती. तो शनिवार मला आठवतो. टेंडर दगडांवर, पडदा फडफडतोय. सून ट्रंका बघते, उघडत नाही, शब्बाथ आहे म्हणून. नात तेवढी टेंडरच्या मागे लपून मला बोलावते. मी बसून आहे आणि तोच आवाज डोक्यात फिरवून बघतेय. होता ना? एलातच्या वाटेला विंचवांचा घाट म्हणून आहे, आपल्या खंडाळ्याचा चुलता. उतारावर पाय सोडलेलाच असतो. सगळं ओझं दाताच्या त्या दुसऱ्या बाजूवर. आत मुलगा, सून, मांडीवर पोर.

रविवारी मी मुलाला म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, काजळावर ठेव. नातीसाठी मी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलं होतं, दवाखान्याच्या नर्सने डोळ्यात घालू दिलं नाही, तशीच डबी पडून होती. तुम्ही दातांना शेंदूर लावून फिरवायचात, म्हणजे कुठे घासतंय ते दिसतं. शेंदूर इथे कुठला. काजळ ऑइलात कालवून मी क्राउनच्या दातांना बोटाने लावलं, त्याने हाताने फिरवलं, पुढे आणि मग उलटं. पुढच्या बाजूचं काजळ दाताच्या मध्यावर पुसलेलं, छान, रुंद. उलट्या बाजूचं नुसतं टोकाशी, नखाएवढं, म्हणजे उतारावर सगळं ओझं त्या टोकावर. सून वाकून बघत होती. मग मुलाला म्हणाली, "परत उघडा." आत जाऊन चहा केला आणि माझ्या कपात साखर स्वतः घातली, एरवी डबा पुढे सरकवते.

तिसऱ्यांदा बांधला. मुलगा आता बोटांनी चकत्या ओळखायला लागला होता, पत्रा कापताना जीभ बाहेर काढतो, जशी तुम्ही काढायचात. त्याला कुणी दाखवलं असेल? मी बघत बसले. मग चाकं फिरली. दाबलं, गप्प. सोडलं, गप्प. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी म्हटलं, परत सोड. परत सोडलं. लाटणं जरा खाली सरकवलं, डावीकडे सरकवलं, बेअरिंगवर धरलं. सगळीकडे शोधलं, बाबा. कुठेच काही नव्हतं. अशी गप्प गाडी मी तुमच्या अंगणातही ऐकली नाही. मी लाटणं पदराला पुसलं आणि म्हटलं, "जा. सणाआधी पोचा."

एक गोष्ट सांगते, ती तुम्हालाच सांगता येते, तुम्ही कुठे बोलणार नाही. त्या दुसऱ्या वेळी तो बारीक आवाज मला खरंच आला, की तो यावा असं वाटत होतं म्हणून आला, हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. सून बोलली ते मी तिच्या आधी मनात बोलून चुकले होते. काजळ टोकाशी पुसलेलं दिसेपर्यंत मी शनिवार कसा काढला ते मला विचारा. आणि दिसल्यावर हायसं वाटलं, मुलाचा जीव वाचला म्हणून नाही, मी खोटी नव्हते म्हणून. आधी ते. मुलगा नंतर.

ते गेले. ट्रंका मागे, वर गादी, नात पुढे मांडीवर. सून पाया पडली. घर आता एवढं गप्प आहे की नळ टपकला तरी मी उठते. मुलगा म्हणाला होता, एलातहून वर येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरबरोबर दोन ओळी पाठवतो. मी स्टँडवर जाऊन उभी राहते. एक बस आली, तिच्यात काही नव्हतं. दुसरी आली, ड्रायव्हरने मान हलवली. घाटात एखादी गाडी पडली असती तर तो बोलला असता, असं शेजारीण म्हणते. तिला काय ठाऊक, तिला हिब्रूही येत नाही.

हे कागद टपालात टाकायचे नाहीत हे मला कळतं, तेवढं डोकं शाबूत आहे. ट्रंकेत ठेवून देणार. पण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. जिवंत असताना मला तोंडावर काही सांगितलं नाहीत, आता एखाद्या दिवशी स्वप्नात उंबऱ्याशी येऊन उभे राहाल आणि मुलाची काही बातमी द्याल. येऊ नका. त्याची बातमी मला तुमच्याकडून, तुम्ही आहात तिथून, नको आहे. उत्तर त्याने द्यायचं, त्याच्या हाताने, आणि ते येईपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही.