मंजूच्या वहीतला माझा शेरा

पांढुर्णा,
४ जुलै १९८८

प्रिय दादा,

रविवार, २१ नोव्हेंबर १९८२, सकाळी सव्वाअकरा. तुझ्या सौसरच्या घराची ओसरी. तिथे चार माणसं होती: तू, मी, तुझी सून इंदू आणि तुझी दहा वर्षांची नात मंजू. त्या वेळी तिथे एक अन्याय झाला आणि तो तू मुकाट्याने होऊ दिलास.

तारीख मी आठवणीवर सांगत नाही. मंजूची जुनी वही समोर आहे. शेऱ्याखाली दिवस आणि वेळ घालायची सवय मला नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवताना लागली, ती निवृत्त झाले तरी सुटली नाही. लाल शाईत माझंच अक्षर आहे: ‘उत्तरे पुस्तकाच्या मागून उतरवली आहेत. लबाडी.’

साडेपाच वर्षं मी हा शेरा खरा मानून जगले. तो खोटा आहे, हे गेल्या गुरुवारी तुझ्या बरसीच्या दिवशी कळलं. तुला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! म्हणून हे पत्र. तू असतास तर बसने येऊन तोंडावर बोलले असते. ती सोय तू ठेवली नाहीस.

आणखी एक कारण आहे. मंजूला पुढच्या वर्गासाठी विषय निवडायचे आहेत. फॉर्म माझ्या टेबलावर येऊन पडला आहे, कारण तुझा मुलगा म्हणतो, ‘आत्या ठरवेल तसं.’ पंधरा जुलैला संध्याकाळी पाचला फॉर्म घेणं बंद होतं. मंजूला गणित नको आहे. होमसायन्स घेते म्हणते. आपली मंजू!

आठवतं, तिला शाळेतून काढायचं ठरवलंस तेव्हा सगळं सौसर तुला वेडा म्हणालं होतं? गुरुजी फळ्यावर उदाहरण लिहीत असत, ते लिहून होण्याआधी हिचं उत्तर तयार. मग उरलेला तास ही खिडकीतून बोराच्या झाडावरची पाखरं बघायची, नाहीतर शेजारणीची वेणी सोडायची. गुरुजी तुझ्याकडे आले. ‘पटवारीजी, बच्ची तेज आहे, पण एका जागी बसून नाही राहत.’ शिक्षा म्हणून तिला तीच उदाहरणं दहा-दहा वेळा लिहायला लावली. त्या दिवशी घरी येऊन तिने दप्तर खाटेखाली ढकललं आणि म्हणाली, ‘आजोबा, जे येते तेच किती वेळा करू?’

तू तिला घरी ठेवलंस. पाचवीची परीक्षा प्रायव्हेट देईल म्हणालास. तुझ्यासारख्या भिडस्त माणसाने घरात केलेली ती एकच धाडसी गोष्ट. मी तेव्हा तुझं कौतुक केलं नाही. आज करते. उशीर झाला, मान्य आहे.

मग तू मला बोलावलंस. खाटेवर तीन पुस्तकं मांडली होतीस: आपल्या इकडच्या शाळांतलं सरकारी हिंदी, नागपूरहून आणवलेलं मराठी आणि माझं कॉन्व्हेंटमधलं जाडजूड इंग्रजी अंकगणित, जे मी स्वतःच तुला आधी पाठवलं होतं. तू म्हणालास, ‘तूच सांग वं शांते. मले तर तिन्ही सारखेच दिसून राहिले. पोरगी पुन्हा कंटाळली नाही पाहिजे, एवढंच.’

पाच मिनिटांत मी माझं पुस्तक उचललं! उरलेली दोन उघडून पाहिलीही नाहीत. मंजू दारात उभी होती, तिला तरी विचारावं? नाही. रोज एक पान, पानावरचं एकूण एक उदाहरण, प्रत्येकाची पूर्ण रीत, आणि दर रविवारी पांढुर्ण्याहून येऊन मी तपासणार. जी मुलगी तेच तेच करून कंटाळली होती, तिला मी चारशे पानांचं तेच तेच आणून दिलं. मी गणिताची बाई होते ना! मला कोण सांगणार?

तू सांगायचा प्रयत्न केलास, हे नाकारत नाही. रामाकोना गावाकडे एका नातलगाचं शेत मोजायला तिला घेऊन गेलास. जरिबेचं, त्या मोजणीच्या साखळीचं, टोक धरून ती पुढे आणि तू मागे. वाकड्यातिकड्या शेताचे तिने स्वतःच त्रिकोण पाडले, असं तू मला आनंदाने सांगितलंस. मी काय म्हणाले? ‘गणित वहीत करतात, दादा, ढेकळांत नाही.’ तू हसलास. तू हसायला नको होतंस. एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंस!

आणि ते पाढे. पावकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव, दीड, अडीच, साडेतीन यांचे पाढे आपल्या वडिलांनी तुला लहानपणी घोकून घेऊन शिकवले होते आणि पटवारकीत तुला कागद लागायचा नाही. मला ते कधी आले नाहीत. मी त्या वयात नागपूरला होते, सिस्टरांसमोर अपूर्णांक समच्छेद करत. तू मंजूला ते शिकवणार असं म्हणालास, तेव्हा मी ताडकन उत्तर दिलं, ‘दुकानात बसवायची आहे का तिला? रीत बिघडते त्याने. मला वचन दे.’ तू वचन दिलंस.

आता त्या रविवारकडे येते.

पानावर मिश्र अपूर्णांकांच्या गुणाकाराची बारा उदाहरणं होती. मंजूच्या वहीत बारा उत्तरं. वरखाली काही नाही, एक पायरी नाही. मी मागची उत्तरं काढून ताडून पाहिली. बाराही बरोबर! मी तिला उभं केलं.

‘रीत कुठे आहे?’

तिने वहीचा कोपरा दुमडला.

‘मागे बघून लिहिलंस?’

तिने तुझ्याकडे पाहिलं. तू अडकित्त्याने सुपारी कातरत होतास. मान वर केली नाहीस. इंदू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हात पिठाने भरलेले.

‘हो,’ मंजू म्हणाली. ‘पाहून लिवलं.’

मग मी काय काय बोलले ते लिहवत नाही. ‘चोर’ हा शब्द दोनदा वापरला, हे मात्र लिहिलं पाहिजे. कात्री मागवली आणि पुस्तकाची शेवटची पानं तिच्यासमोर कापून काढली. इंदू म्हणाली, ‘जाऊ द्या ना आत्याबाई, लेकरू आहे.’ मी तिलाही फटकारलं. आणि तू? तू सुपारी तोंडात टाकलीस आणि उठून परसात गेलास.

पुढच्या जुलैत ती पुन्हा शाळेत गेली, स्वतःहून. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही! तेव्हापासून तिची वही बघ: प्रत्येक उदाहरण, प्रत्येक पायरी, समास आखलेला, आणि मार्क पासापुरते. मी म्हणत असे, हुशारी लहानपणीच संपली पोरीची. असं होतं पुष्कळांचं. किती सहज म्हणत असे!

बरसीला आचारी विचारत होता, ‘बाई, बेसन किती काढू? एका घाण्याले साडेतीन पाव लागते. लाडवाचे अकरा घाणे होतीन.’ मी चष्मा लावून कागद घेतला. साडेतीन म्हणजे सात छेद दोन, असं लिहीत होते, तोच मागून पाण्याची कळशी घेऊन जाता जाता मंजू म्हणाली, ‘अकरा औटे साडेअडतीस. नऊ किलो न् अडीच पाव काढा, काका.’

‘वा रे वा!’ आचारी म्हणाला. ‘पटवारीबुवाची नात शोभते!’

माझा कागद हातातच राहिला, दादा. औटे? हा शब्द मी तुझ्याशिवाय कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

पंगती उठल्यावर मी तिला परसात गाठलं. भांडी विसळत होती.

‘औटकी कधी शिकलीस?’

‘पाचवीत. तुम्ही पुस्तक दिलं त्याच्यानंतर. कंटाळा येऊन राहिला होता, म्हणून आजोबांनी शिकवली. तुम्हाले सांगायचं नव्हतं.’

‘मग ती बारा उत्तरं?’

‘तोंडी केली होती.’

‘आणि तू हो म्हणालीस! का?’

तिने ताट पालथं घातलं. ‘आजोबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, आत्याआजी. त्यांना तुमची लय भीती वाटे. मी सांगितलं असतं तर तुम्ही त्यांनाच बोलल्या असत्या.’

दहा वर्षांच्या पोरीने तुला पाठीशी घातलं. समजतं का तुला? तू साठीचा बाप्या, जमाबंदीत तहसीलदाराशी वाद घालणारा, आणि तुझी अब्रू त्या एवढ्याशा मुलीने स्वतःला चोर म्हणवून राखली!

‘मग आता गणित का सोडतेस?’ मी विचारलं. ‘येतं ना तुला?’

‘येतं. पण मला ते कोणाले दाखवायचं नाही.’ एवढं बोलून ती पुढचं ताट घासायला लागली.

तुझ्यावर मी रागावले आहे, ते खरंच आहे. त्या रविवारी संध्याकाळी तरी सांगायचंस. बसस्टँडवर मला पोचवायला आला होतास, जामसांवलीच्या जत्रेकरूंनी बस भरली होती, खिडकीतून मला संत्री दिलीस आणि म्हणालास, ‘जपून जाजो वं.’ तेवढ्याऐवजी ‘पोरगी खरी आहे’ इतकंच म्हणायचं होतंस. मी आरडाओरडा केला असता. बस निघून गेली असती. सोमवारी मी परत आले असते.

पण आले असते का? इथे माझी लेखणी अडते. वडिलांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि तुझ्या हातात जरीब दिली. त्या दिवसापासून तू माझ्याकडे अशा नजरेने पाहत आलास, की जणू शहाणपण आपल्या घरात माझ्याच पेटीतून आलं. ती नजर मला आवडायची. मी ती कधी मोडली नाही. तुझी मान त्या दिवशी खाली होती, ती मीच इतकी वर्षं दाबून ठेवलेली. आणि त्याची किंमत मोजली मंजूने.

आता काय करणार ते सांगते. येत्या रविवारी मी सौसरला जाईन. त्याच ओसरीवर, इंदूला समोर बसवून, मंजूला सांगेन की ती चोर नव्हती आणि मी चुकले. कारणं सांगणार नाही. फॉर्म कोराच नेईन आणि तिच्या हातात देईन. गणित लिही, असं म्हणणार नाही, सुचवणार नाही, चेहऱ्यावरही आणणार नाही, आणि हे मला किती जड जाईल ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? तिने होमसायन्स लिहिलं तर ते. हे माझं वचन आहे.

तुझ्याकडून मात्र मला लेखी उत्तर हवं आहे, शुक्रवार, पंधरा जुलै, संध्याकाळी पाचच्या आत. प्रश्न एकच: त्या दिवशी तू मला घाबरून गप्प बसलास, की क्षणभर तुलाही वाटलं की माझंच खरं असेल? आढेवेढे नकोत. टपालखात्याकडून तुझं पत्र यायचं नाही, एवढं मला कळतं. तरी मागते आहे, कारण तू होतास तोवर तुझं म्हणणं काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तुझी बहीण,
शांता