सवतीच्या लुगड्यांचे बटवे

कल्याण, पौष वद्य चतुर्थी

आज थोरली सवत दारात आली. मूल होईना म्हणून सासूबाईंनी तिला आंबिवलीला माहेरी धाडले होते. "माझी लुगडी न्यायला आले," म्हणाली. मी तर ती फाडून संक्रांतीच्या वाणाचे बटवे शिवले होते. "कसरीने खाल्ली," असे सांगितले. पण माझ्या हातात बटवा होताच, तिच्याच हिरव्या काठाचा. तिने काठावरून बोट फिरवले. "टाके बारीक आहेत हो तुझे."

असे का बोलली? रडली असती तर बरे. मी म्हटले, "उरल्या कापडाची बाळाला दुपटी शिवीन." पाणीही न विचारता दार लावले. तो हिरवा काठ डोळ्यांपुढून हलत नाही.

बाळ कुठले? मलाही या घरात येऊन तीन वर्षे झाली. संध्याकाळी सासूबाई माझी पेटी उघडून लुगडी चाळत होत्या.