मागचं डावं चाक

३ मार्च, मंगळवार

पुन्हा बंद पडली! ऐन चौकात, सिग्नल हिरवा असताना. मागचे सगळे हॉर्नवर बसले. एकानं खिडकीतून मान काढून विचारलं, "काका, ढकलू की उचलू?" सगळे हसले. मीही हसलो, इलाज नव्हता. दोघांनी ढकलून कडेला लावून दिली.

पॉइंट घासले, प्लग पुसले, झाली चालू. काळे हात घेऊनच कामावर पोचलो. मालक म्हणाला, "अहो, सव्वीस वर्षांची गाडी! माणूस असता तर एव्हाना लग्न झालं असतं त्याचं. भंगारात घाला." हा मला शिकवणार. मागच्या खोलीत बसून चष्म्याची भिंगं मी घासतो, आणि काउंटरवर बसून नाव हा कमावतो. चौतीस वर्षं हेच चाललंय.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "नखं काळी का?" हात मागं घेतले. तिला कळलं असणारच.

५ मार्च, गुरुवार

आता मागच्या बाजूनं गुणगुण ऐकू येते. बेअरिंग. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

८ मार्च, रविवार

अख्खा रविवार म्हातारीखाली. गाडीला मी म्हातारी म्हणतो. ही म्हणते, "आधी आरशात बघा."

बेअरिंग बदललं. ऑइल बदललं, तरी चेंबरची गळती आहे तशीच. दरवाज्याखालचा पत्रा बोटानं दाबून बघितला तर बोट आत गेलं. पार्ट मिळत नाहीत. पार्टवाला आधी हसतो, मग नाही म्हणतो. वर माझी पाठ धरली ती वेगळीच.

शेवटी ठिपके. नट पान्यानं कसला की त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, हा बाबांचा नियम. "कसल्याशिवाय खूण नाही, आणि खुणेशिवाय गाडी जागची हलणार नाही." आईची लाल बाटली कायम आमच्या अवजारांच्या पेटीत असायची. बाहेर जायच्या वेळी आई चिडून पेटी उचकायची आणि हात तेलकट करून घ्यायची. आता हिची बाटली वापरतो, गुलाबी. माझा ठिपका गोल असतो, बरोबर मधोमध. भिंगं घासणाऱ्याचा हात आहे शेवटी.

गाडीचं काम मी आणि दादा मिळून करायचो. पुढची दोन चाकं माझी, मागची दोन त्याची. लहानपणी, बाबांच्या आधीच्या गाडीवर, भांडायचो म्हणून बाबांनीच वाटणी करून दिली होती. मी कधी मागं गेलो नाही, तो कधी पुढं आला नाही. पन्नाशीला टेकलो तरी तसंच.

आणि निखळलं ते मागचं डावं!

अकरा वर्षं झाली. आम्ही दोघांनी ब्रेकचे लायनर बदलले. दादा बाबांना घेऊन डॉक्टरकडे निघाला. पहिल्याच वळणावर चाक सुटलं, गाडी भिंतीवर गेली. दादाला नुसतं खरचटलं. बाबांचा खुबा मोडला. दीड वर्ष खाटेवर काढलं त्यांनी, आणि गेले.

चार नटांपैकी तीन रस्त्यात कुठं उडाले कोण जाणे. चौथा चाकाच्या टोपीत अडकलेला सापडला, लाल ठिपक्यासकट. म्हणजे न कसताच ठिपका देऊन मोकळा झाला. मागचं चाक कुणाचं? मग दुसरं काय समजायचं माणसानं? बाबांच्या खाटेशीच, सगळ्यांच्या देखत मी त्याला म्हणालो, तू बाबांना अधू केलंस. तो एवढंच म्हणाला, "तू तो नट एकदा बघ. नीट बघ, मग बोल." चोराच्या उलट्या बोंबा. नटात बघायचंय काय? त्या दिवसापासून बोलणं बंद. बाबांच्या दिवसांतही एकमेकांकडे पाठ करून बसलो.

बाबांनी जाण्याआधी गाडी मला दिली. तो नटही फडक्यात बांधून मलाच दिला. खिळ्यांच्या डब्यात पडलाय. गाठ मी कधी सोडली नाही.

१० मार्च, मंगळवार

चहाबरोबर हिनं पेपरचं जाहिरातीचं पान पुढ्यात सरकवलं. म्हणाली, "हे बघा तरी."

बघितलं, आणि चहा निवला. तीच गाडी! शर्यतीचं इंजिन, पण चार दरवाजे आणि ऐसपैस डिकी. जुनी, नीट राखलेली, निळी.

आम्ही शाळेत असताना कपाटाच्या दाराला आतून या गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं. वर्गातली पोरं दोन दरवाज्यांच्या, बसक्या गाड्यांवर जीव टाकायची. दादा म्हणायचा, "त्यात आईनं बसायचं कुठं? ही घ्यायची. मागं आई-बाबा, पुढं आपण. धावायलाही हवी आणि दळण आणायलाही हवी." लग्न होईपर्यंत ते चित्र तिथंच होतं. नंतर कपाटच गेलं.

१२ मार्च, गुरुवार

दलालाला फोन केला. गोड बोलतो, म्हणजे सांभाळून राहायला हवं. मालक वयस्क आहेत म्हणाला, गाडी चालवणं सोडलंय, चांगल्या हातात जावी एवढीच त्यांची इच्छा. सगळे विकणारे हेच म्हणतात.

हिला म्हटलं, वेडेपणा आहे. एक म्हातारी सांभाळता नाकी नऊ आलेत, त्यात दुसरी आणायची. तर म्हणाली, "बघून या हो. बघायला काय जातंय?" ही आणि गाडी घ्यायला सांगतेय! आजवर नव्या फडक्यालाही नाक मुरडत आली.

खरं लिहायचं तर रात्रभर मनात तीच घोळत होती. यंदा एकोणसाठ पूर्ण होतील. स्वतःसाठी म्हणून काय घेतलं मी? बाबांची गाडी, बाबांची अवजारं, बाबांचा नियम. आणि दादावरचा राग, तो तेवढा माझा स्वतःचा.

१५ मार्च, रविवार

पाहिली. काय बोलू!

दलालानं किल्ली हातात दिली आणि मी चालवून आलो. दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दिला तर पाठ सीटला चिकटली. वळणावर तसूभर कलत नाही. मागच्या सीटवर दोन माणसं पाय पसरून बसतील. आतून जुन्या चामड्याचा वास, घड्याळसुद्धा चालू. गालातल्या गालात हसत होतो, बावळटासारखा. पोटातून सुख झालं, कित्येक वर्षांनी.

पण वरच्या रंगाला मी भुलत नाही. दलालाला म्हटलं, जॅक लाव, खाली जायचंय. तो म्हणाला, "साहेब, कपडे खराब होतील." म्हटलं, होऊ देत.

टॉर्च घेऊन गेलो खाली. गळती नाही, गंज नाही. पहिल्या नटावर उजेड पडला आणि मी तसाच राहिलो. नेलपॉलिश. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, सगळ्यांवर. ठिपका नव्हे, रेघ. नटावरून थेट बोल्टाच्या टोकापर्यंत ओढलेली बारीक लाल रेघ. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटून लगेच कळेल. जुन्या रेघा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. अलीकडच्या वाकड्यातिकड्या, लडबडलेल्या, काही तर नट सोडून भलतीकडेच.

हे जगात दोनच माणसं करतात. त्यातला एक मी.

बाहेर आलो. दलालानं विचारलं, "काय साहेब, पसंत?" म्हटलं, मालकाचं नाव काय? तो खाली बघून किल्ली पुसायला लागला.

गाडी घेतली नाही. बसनं घरी आलो. म्हातारी तिथंच दलालाच्या दारात राहिली, चालू होईना.

१६ मार्च, सोमवार

तर ती दादाची गाडी. बाबांना खाटेवर टाकलं आणि स्वतः चित्रातली गाडी घेऊन हिंडला. मी इथं कुजका पत्रा ठोकत बसलोय.

हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, दचकेल. तिनं भाजीची सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला माहीत होतं. म्हणून तर पान पुढं केलं." अकरा वर्षं ही जाऊबाईंशी बोलतेय. दर महिन्याला. माझ्याच घरातून, माझ्याच पाठीमागं!

दादाचे हात थरथरतात म्हणे. तीन वर्षं झाली. आता कपही दोन हातांनी धरावा लागतो. मुलगा दूरदेशी, त्याला गाडीत रस नाही. दादा वहिनींना म्हणाला, "त्याला हवी असेल तर जाऊ दे त्याच्याकडे. माझं नाव मात्र सांगू नका, तो घ्यायचा नाही."

बरोबर ओळखलं. नाहीच घ्यायचा.

"भाऊजींनी एकदाही तुम्हाला नाव ठेवलं नाही," ही म्हणाली. "एकदाही. मी विचारून बघितलंय." म्हटलं, ठेवणार कशाला? ज्याचं मन खातं तो गप्पच बसतो. तिनं परत सुरी उचलली. जेवताना मीठ मागितलं तेवढंच.

१८ मार्च, बुधवार

दलालाला नाही म्हणून कळवलं. म्हातारी टोचन लावून घरी आणली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कुणाचा ते विचारू नये.

२० मार्च, शुक्रवार

कामात लक्ष नाही. एक भिंग उलट्या बाजूनं घासलं, फुकट गेलं. मालक काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

त्या रेघा डोळ्यांसमोरून जात नाहीत. दादा रेघ ओढतो हे मला या वयात कळलं. त्याच्या बाजूची टोपी मी कधी काढलीच नव्हती. अपघातानंतर गाडी दुरुस्त होऊन आली ती चाकांना नवा रंग लावूनच, जुन्या खुणा त्याखाली गेल्या. बाबांनी फक्त खूण करा म्हटलं होतं, कशी करा ते सांगितलं नव्हतं. त्यानं आपलं डोकं चालवलं, मी माझं.

आणखी एक आठवलं. त्या दिवशी काम चालू असताना दादाला फोन आला आणि तो घरात गेला. मागचं डावं चाक तेव्हा अजून बसवायचं होतं, जमिनीवर पडलेलं. बाबा पायरीवर बसून घाई करत होते, "आटपा, डॉक्टर निघून जातील." नेलपॉलिशची बाटली उघडी होती, माझ्या हातात.

पुढचं आठवत नाही. आठवत नाही म्हणजे झालं नसेल.

२१ मार्च, शनिवार

खिळ्यांचा डबा काढला. परत ठेवला.

२२ मार्च, रविवार

गाठ सुटेना, कात्रीनं कापली. नट दुकानातून आणलेल्या भिंगाखाली धरला. अर्धा तास धरला असेल.

रेघ नाही. ठिपका आहे. गोल, बरोबर मधोमध.

आता आठवलं. चाक मी चढवलं. ते हवेत होतं तेव्हा नट नुसते हातानं फिरवले, खाली आल्यावर पान्यानं कसू असं मनाशी म्हणालो. बाटली सुकत होती म्हणून ठिपके आधीच देऊन टाकले, आणि हात धुवायला गेलो. दादा फोन आटपून आला, त्यानं जॅक उतरवला. ठिपके बघितले, आणि माझ्या खुणेवर विश्वास ठेवून वर टोपी बसवली.