पार्सलनं आलेली बिस्किटं

प्रिय वेंडेल,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलंय, त्याला फार किंमत देऊ नकोस. तुझं पार्सल मिळालं. आईच्या वाढदिवसाच्या आधी मिळालं, हे विशेष, कारण तू स्वतः कुठं वेळेवर पोचल्याचं मला आठवत नाही. पोस्टमननं ती पांढरी पेटी पायरीवर ठेवली. झाकणाखालून गार धूर येत होता, तो बघून शेजारची फ्लोसी कुंपणापलीकडून ओरडली, "व्हर्डी, हात लावू नकोस गं, आत कुणाचं काळीज-बिळीज पाठवलं असेल!" म्हटलं, वेंडेलचं नाव आहे वर, तेव्हा काळीज असण्याची भीती नाही. उघडून बघते तर बिस्किटं! आपण न्याहारीला खातो तसली, ताकातली, मऊ पावासारखी फुगलेली, बर्फात गोठवलेली, एकेक कागदात गुंडाळलेली. आई जन्मभर टेनेसीच्या या डोंगरात राहिली, पांगुळगाड्यात असल्यापासून बिस्किटं खात आली, आणि तिला तू मिशिगनमध्ये बसून बिस्किटं पाठवतोस. धन्य आहे तुझी.

फोनवर मी काय सांगितलं होतं, ते आठवतंय का? आई ताट लोटते. घास तोंडात धरून बसते आणि हळूच रुमालात काढून ठेवते. डॉक्टर म्हणाले, पथ्य-बिथ्य सोडा, जे खाईल ते द्या, पण खायला घाला, नाहीतर हा हिवाळा काही ती काढायची नाही. हे सगळं ऐकून तू म्हणालास, "बघतो मी काहीतरी." ते 'काहीतरी' म्हणजे ही पेटी. पेटीवर कोंबडीचं चित्र आहे आणि आत एक गुळगुळीत कार्ड आहे, 'आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातून, प्रेमानं'. कुणाची आजी रे? कारखान्यात टोपी घालून यंत्राचं बटण दाबणारी ती आजी? बिस्किटं चौकोनी आहेत. चौकोनी! आणि मी एक कोपरा मोडून चाखला, तर त्यात साखर. बिस्किटात साखर घालणाऱ्या माणसांबद्दल आपल्या आईचं मत काय होतं, ते तुला माहीत आहे. ती म्हणायची, त्यांना केक खायचा असतो, पण तसं कबूल करायची लाज वाटते.

तुला विसर पडला असेल म्हणून सांगते. मी अजून रोज सकाळी बिस्किटं करते. आईची काथवट, तिच्यात मैदा, वर फडकं. मैद्यात मुठीनं खळगा करायचा, त्यात डुकराची चरबी बोटांनी चुरायची, मग आंबट घट्ट ताक ओतायचं आणि बाजूचा मैदा हलक्या हातानं आत ओढत राहायचं. पीठ चिकट असतानाच थांबायचं; मळत बसतो तो गाढव. दोनचार घड्या, वरून थाप, आणि डब्याची कड सरळ खाली दाबून कापायचं. डबा गोल फिरवायचा नाही. फिरवला की कड मिटते आणि बिस्किट फुगताना एका अंगाला कलतं. मग बिडाच्या तव्यात एकमेकांना खेटून लावायची, म्हणजे पसरायला जागा नाही आणि वर चढण्यावाचून गत नाही. माझी बिस्किटं अशी ताठ उभी राहतात की चर्चच्या जेवणात बायका माझ्या ताटाकडे आधी वळतात. हे मी फुशारकीनं लिहीत नाही. बरं, फुशारकीनंच लिहितेय.

आणि तुमच्याकडची बिस्किटं! आई तुझ्याकडे एकदाच आली होती, आठवतं? तिला खूश करायला मार्लिसनं बिस्किटं केली. बिचारीचा दोष नव्हता, ती तिकडचीच. दोष तुझा. टेनेसीत वाढलेल्या माणसानं मिशिगनच्या दुकानातला मैदा आणावा? तो पावाचा मैदा, कडक गव्हाचा. त्याची बिस्किटं होत नाहीत, खडी होते. आपली माणसं तिकडच्या कारखान्यांत गेली ती सगळी एकदा ही चूक करतात, पण मग शहाणी होऊन इकडून मऊ मैद्याची पोती नेतात. तू मात्र ओव्हन बदललास! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. आई तिथं काही बोलली नाही, सुनेचा मान राखला. इथं बसमधून उतरल्या उतरल्या मला म्हणाली, "वेंडेलचे दात अजून सगळे शाबूत आहेत, देवाची कृपा."

आता तू म्हणशील, ही म्हातारी बिस्किटांवरून एवढी का पेटली आहे. बिस्किटांवरून नाही पेटले. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या रविवारावरून पेटले आहे. आपण सगळे थडगी झाडून फुलं वाहायला दफनभूमीत जमलो होतो. टेबलं मांडली होती, कोंबडी होती, बटाट्याचं सॅलड होतं, ज्वारीची काकवी होती. तू नवा कोट घालून आईसमोर वाकलास आणि ती तुझ्याकडे बघून मला म्हणाली, "या गृहस्थांना खुर्ची दे गं. दमलेले दिसताहेत." बस्स, एवढंच. तुझा चेहरा उतरला. तू घड्याळ बघितलंस, लांबचा पल्ला आहे म्हणालास, आणि जेवण वाढायच्या आत तुझी गाडी रस्त्याला लागलेली होती. तेव्हापासून या घराला तुझं दर्शन नाही. फुलं येतात, फळांची टोपली येते, गरम शाल येते, आता तर बिस्किटंही आली. अरे, आईनं ओळखलं नाही म्हणून साठीचा माणूस रुसतो? मला ती 'बाई' म्हणते. मी पगारावर ठेवलेली बाई आहे असं तिला वाटतं. परवा तिनं माझा हात धरून सांगितलं, "तुम्ही फार चांगल्या आहात हो बाई, पण मला आता घरी पोचवा. माझी मुलं वाट बघत असतील." तिच्याच खाटेवर, तिच्याच गोधडीत बसून. मी गेले का कुठं गाडी काढून? मी भांडी घासली. भांडी घासताना रडले, तेही तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

आणि ही 'चांगली बाई' रोज तिच्यापुढे ताजी, वाफाळती, ताठ बिस्किटं ठेवते, वर लोणी, बाजूला काकवी. ती बोटानं दाबून बघते आणि म्हणते, "छान झालीत. तुम्ही खा." गेले कित्येक दिवस ही बिस्किटं फ्लोसीच्या कोंबड्या खाताहेत. या खोऱ्यात आता त्यांच्याएवढं चांगलं कुणी जेवत नसेल.

तुझी पेटीही मी त्या कोंबड्यांनाच देणार होते. पण म्हटलं, नावं ठेवायची तर नीट खाऊन ठेवावीत. म्हणून एक गरम केलं आणि आईच्या शेजारी बसून खाऊ लागले, तोंड वाकडं करत. आईनं हात पुढे केला. माझ्या ताटलीतून ते उचललं, वास घेतला, आणि खाल्लं. सगळं. लोण्याशिवाय, काकवीशिवाय. मग तळहातावरचे कण टिपून खाल्ले. मग ती माझ्याकडे झुकली, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "वेंडेलनं पुन्हा साखर घातलीय. त्याला रागावू नका हं बाई. पोर बिचारं, मी रात्रपाळी करून दमून येते म्हणून गोड करतं. त्याला वाटतं मला कळत नाही."

वेंडेल, मला हे ठाऊक नव्हतं. आई मोज्यांच्या गिरणीत रात्रपाळीला जायची तेव्हा माझं लग्न होऊन मी डोंगरापलीकडे नांदत होते. सकाळी ती घरी यायची तेव्हा तू शाळेआधी स्टुलावर उभा राहून बिस्किटं करायचास, एवढंच कानावर आलं होतं. साखरेचं तू बोलला नाहीस आणि तीही बोलली नाही. उलट चारचौघांत साखर घालणाऱ्यांची टर उडवत राहिली आणि घरी तुझी गोड बिस्किटं निमूटपणे खात राहिली! मला किती राग आला म्हणून सांगू. पन्नास वर्षं मी तिच्या पद्धतीनं, तिचा शब्द न शब्द पाळून बिस्किटं केली, आणि तिच्या जिभेवर राहिलं काय, तर तुझं लबाडीचं गोड. मी तिच्या खोलीतून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मग आत येऊन तिच्यासाठी दुसरं गरम केलं.

आता हे पत्र का लिहिलं, ते सांगते. ते दुसरं बिस्किट खाऊन झाल्यावर आईनं विचारलं, "वेंडेल कुठाय?" त्या दिवसाआधी दीड वर्षात तिच्या तोंडून कुणाचंच नाव आलं नव्हतं, माझं तर नाहीच. मी गांगरले आणि सांगून टाकलं, "ताक संपलं होतं, तो आणायला गेलाय." तेव्हापासून ती रोज खाते आणि खाल्ल्यावर दाराकडे तोंड करून बसते. "उशीर झाला पोराला," म्हणते, आणि मी म्हणते, "येईल, दुकानात गर्दी असेल." तुझ्यासाठी एवढं खोटं मी आजवर बोलले नव्हते आणि यापुढे मला ते झेपणार नाही. तू ये. ती तुला ओळखेल अशी आशा धरून येऊ नकोस. ती एका पोराची वाट बघते आहे आणि तुला टक्कल पडलंय. पुन्हा खुर्ची देईल, पुन्हा गृहस्थ म्हणेल. घे ती खुर्ची आणि बस. मागचं दार उघडं असतं. आत येताना हातात ताकाची बाटली तेवढी दिसू दे, म्हणजे तिच्यासमोर मी खोटी पडणार नाही.

तुझीच, दुसरा भाऊ नाही म्हणून,
व्हर्डी