सायकलची घंटी

मंगळवार, चैत्र. संध्याकाळ.

संस्थेत दूध घालायला उशीर झालेला, म्हणून डोंगरवाटेच्या उतारावर सायकल मोकळी सोडली. पुढं मेंढरं दिसली, घंटी वाजवली. बाजूला सरकायचं सोडून सगळी माझ्याकडंच धावली! ब्रेक दाबला, पडलो. अर्धं दूध मातीत. एक कोकरू थोडक्यात वाचलं.

मेंढरं राखणारा धोंडीबा संतापला. "घंटी कशाला वाजवली रं? आमच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात घंटी हाय. ती वाजली की चारा घावला समजत्यात उपाशी जितराबं. उतरून उभं ऱ्हायचं!" मग त्यानंच किटली उचलून दिली.

एवढंही मला कळू नये?

घंटी आताच काढून ठेवली. पाऊस झाला, रान हिरवं झालं की परत बसवीन. तेव्हा चरायचं सोडून माझ्यामागं कोण येतंय!