तीन साड्यांची उंची

डिंडोली, सुरत

तीर्थरूप धुडकू मामांच्या पायी भाचा वाल्मिकचा साष्टांग नमस्कार. (समोर येऊनच घालणार होतो, पण सध्या तोंड दाखवायची सोय नाही.) मामींचा खोकला गेला का? अमळनेरचं पंपांचं दुकान बरं चाललं असेल. तुमच्या पंपाबद्दल इकडून काही कानावर आलं असेल, तर ते साफ खोटं आहे. ते मीच उठवलंय.

त्याचं असं झालं. आमच्या पाच मजली बिल्डिंगचा पंप जळाला. तेव्हापासून सगळ्यात वर राहणाऱ्या मालतीबाई गुडघे धरत हंडे वर नेतात. मी चारचौघांत शब्द दिला, मावशी, यंदा अक्षय्य तृतीयेला आखाजीची घागर नळाच्या पाण्यानं भराल! तुमच्याकडे नवा पंप मागितला, तेव्हा तुम्ही फोनवर विचारलंत, हौदातल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत उंची किती, पाइप किती लांब, वळणं किती; पाण्याला हे सगळं ओलांडावं लागतं. मी म्हणालो, हो हो, सगळं धरलंय. काय धरलं होतं, डोंबल! टाकीवरून साड्या गाठ मारून खाली सोडल्या. (मीटरपट्टी कशाला? उधन्याच्या कारखान्यात साड्या कापण्यातच जन्म गेला. दोन घरच्या, उज्ज्वलाच्या, एक मालतीबाईंची मागून आणलेली.) तीन साड्या बरोब्बर जमिनीला टेकल्या. साडी साडेपाच मीटरची, म्हणून वरूनच ओरडलो, "साडेसोळा!" आणि तुम्हाला कळवून मोकळा झालो. हौद जमिनीच्या खाली आहे हे डोक्यातच आलं नाही. तुमचा पंप आला, तर पाइप टाकताना शेजारच्या वत्सलाताई म्हणाल्या तुळशीवरून पाइप नको, चेअरमन म्हणाले खिडकीपुढून नको. मी एकेकाचा मान राखत गेलो आणि पाइपाला वळणाचे एल्बो लागत गेले. पाण्याचा जोर तिथेच जिरला.

आखाजीला नारळ फोडला, बटण दाबलं. सगळे टाकीत डोकावून उभे, मालतीबाई रिकामी घागर घेऊन. पाइपातून निघाली नुसती हवा. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मामानं सडका पंप गळ्यात मारला! लोक तुमच्याबद्दल नाही नाही ते बोलले आणि मी मान डोलावली. पितरांची घागर शेवटी विकतच्या जारनं भरली. दुसऱ्या दिवशी त्या साड्यांच्या घड्या घालताना उज्ज्वला म्हणाली, अहो, यांचे ब्लाऊजपीस फाडलेत कुठे? म्हणजे ब्लाऊजपीस धरून एकेक साडी सहा मीटर तीसची! अख्ख्या उधन्यात हे ज्यानं विसरू नये, तो मीच विसरलो. मामा, मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तुमचा पंप चोख आहे.

आपला नालायक भाचा,
वाल्मिक

ता.क. मोठा पंप पाठवा. आणि मालतीबाईंना फोनवर एवढंच सांगा, की पहिल्यात खोट होती. तुम्ही तिकडे लांब, तुम्हाला काय फरक पडतो?

ता.क. दुसरा : वरचं वाचलं नाही असं समजा. पत्र खिशातच राहिलं होतं. काल धीर करून मालतीबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माले ठाऊक व्हतं भाऊ. मधली साडी मनीच व्हती, ब्लाऊजपीस आजून फाडेल नव्हता." लोकांत माझी शोभा नको म्हणून बाई गप्प राहिल्या, आणि गुडघे धरून हंडे नेत राहिल्या! आजपासून त्यांचे हंडे मी नेतोय. हौदात किती वाकायचं, जिना कुठे वळतो, टाकी किती उंच, सगळं गुडघ्यांनी मोजून झालंय. आकडे मागच्या बाजूला लिहिलेत, या खेपेला एकही चुकलेला नाही. मामा, पंप लवकर पाठवा हो.